कमांड लाइनवरून कॉन्फिग फाइल बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी पूर्वेला आमचं छोटं ऑफिस आहे. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे, हा धंदा. नवीन मुलं रुजू झाली की पहिल्या दोन महिन्यांत ठरावीक प्रश्न विचारतात, आणि ते बहुधा फोनवर, मी लोकलमध्ये उभी असताना. एकच उत्तर दहा वेळा दिल्यावर शेवटी लिहून काढलं. जेसन, यॅमल, टॉमल, आयएनआय, एक्सएमएल अशा फाइलींमधली एखादी व्हॅल्यू एडिटर न उघडता, खात्रीने आणि मोडतोड न करता कशी बदलायची, एवढाच विषय आहे.

कमांड देवनागरीत का लिहिल्या आहेत?

कारण फोनवर मी त्या अशाच सांगते. ‘जेक्यू, स्पेस, सिंगल कोट, डॉट सर्व्हर डॉट पोर्ट...’ टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. ठिपका, बरोबर, उभी रेघ ही चिन्हं दिसतात तशीच. इथून थेट कॉपी करून चालणार नाही, आणि ते बरंच आहे. प्रॉडक्शनवर कुणाचीही कमांड डोळे मिटून चिकटवू नये. माझीसुद्धा.

नॅनो किंवा व्हीआय हा एडिटर उघडून बदललं तर काय बिघडतं?

एक फाइल, एक सर्व्हर, एकदाच करायचं काम असेल तर काहीही बिघडत नाही. खुशाल उघडा. पण तोच बदल चौदा सर्व्हरवर करायचा असतो, किंवा दर डिप्लॉयमेंटला करायचा असतो, तेव्हा नवव्या सर्व्हरवर हात चुकतो. शिवाय हाताने केलेल्या बदलाचा माग राहत नाही. स्क्रिप्टमध्ये लिहिलेली ओळ मात्र सहा महिन्यांनीही सांगते की नेमकं काय बदललं होतं.

मला सेड येतं. मग आणखी एक टूल कशाला शिकू?

सेड, म्हणजे ओळीतला मजकूर शोधून बदलणारं टूल, मलाही आवडतं. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमाहनने १९७३-७४ च्या सुमाराला लिहिलेलं हे टूल आजही जवळजवळ प्रत्येक युनिक्ससारख्या मशिनवर मिळतं. पण सेडला दिसतात त्या ओळी. फाइलमध्ये कशाच्या आत काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

माझीच गोष्ट सांगते. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर पोर्ट ८० चा ८०८० करायचा होता. रात्रीची वेळ होती आणि शेवटच्या गाडीची घाई. मी लिहिलं: सेड -आय 'एस/८०/८०८०/' आणि फाइलचं नाव. सर्व्हिस रीस्टार्ट केली. नवीन पोर्टवर पान उघडलं. लॅपटॉप मिटला आणि निघाले. चार दिवसांनी ग्राहकाच्या ऑफिसातून विचारणा आली, ‘मॅडम, आमची माणसं आपोआप लॉगआउट का होत नाहीत?’ फाइल उघडली तर त्याच फाइलमध्ये खाली सेशनचा टाइमआउट होता, १८०० सेकंद म्हणजे अर्धा तास. त्या १८०० च्या पोटात ८० दडलेला होता. सेडने इमानदारीत तोही बदलला आणि १८०० चे १,८०,८०० झाले. अर्ध्या तासाऐवजी पन्नास तास! एरर आली नाही, लॉगमध्ये ओळ नाही, काही नाही. पोर्टच चुकला असता तर सर्व्हिस उठली नसती आणि मला तिथेच कळलं असतं. ही चूक चालू राहिली, म्हणून महागात पडली.

त्याच ओळीवरचा शब्द आधी जुळवून घेतला असता तर वाचले असते, हे खरं. पण मग उद्या त्याच फाइलमध्ये ‘पोर्ट’ नावाच्या तीन ओळी निघतात: एक वेब सर्व्हरची, एक डेटाबेसची, एक मेलची.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. वाडीत चार इमारती आणि चारही इमारतींत खोली नंबर १४. नवा पोस्टमन खाली चौकात उभा राहून ‘चौदा नंबर!’ अशी हाळी द्यायचा आणि चार खिडक्या उघडायच्या. सेड हा तो नवा पोस्टमन. जेक्यू (जेसन बदलणारं टूल, पुढे येतं) आणि त्याची भावंडं इमारत, मजला, खोली असा पूर्ण पत्ता विचारतात. ‘.सर्व्हर.पोर्ट’ हा पत्ता आहे. ‘.डेटाबेस.पोर्ट’ हा दुसरा.

सेड कुठे चालतं? जिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे, नाव आणि बरोबरचं चिन्ह ओळीच्या सुरुवातीला आहे आणि घरात घर नाही, तिथे. साध्या एनव्ही फाइलींना मी आजही सेडच लावते.

जेक्यू म्हणजे नेमकं काय? कसं बसवायचं?

जेसन वाचणारी, गाळणारी, बदलणारी छोटी भाषा. स्टीफन डोलनने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, सी मध्ये लिहिलेली आहे. उबुंटू-डेबियनवर ‘एपीटी इन्स्टॉल जेक्यू’, मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल जेक्यू’. झालं.

पोर्ट बदलायची कमांड अशी: जेक्यू '.सर्व्हर.पोर्ट = ८०८०' सेटिंग्ज.जेसन. एखादी नोंद काढायची तर 'डेल(.सर्व्हर.डीबग)'. यादीत भर घालायची तर '.होस्ट्स += ["नवा"]'. आधीच्या व्हॅल्यूवरून नवी काढायची तर '.टाइमआउट |= . * २'. रोजच्या कामातला नव्वद टक्के भाग या चार प्रकारांत आटोपतो. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी जेक्यूचं मॅन्युअल वाचा, चांगलं लिहिलेलं आहे.

जेक्यू चालवलं आणि फाइलच रिकामी झाली! का?

आमच्याकडे रुजू झालेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी हे केलेलं आहे. त्यामुळे लाजू नका. आधी बॅकअप आणा, मग पुढचं वाचा.

जेक्यूला सेडसारखा ‘जागच्या जागी बदल’ हा पर्याय नाही. ते निकाल स्क्रीनवर छापतं. मग माणूस साहजिकच लिहितो: जेक्यू '...' सेटिंग्ज.जेसन > सेटिंग्ज.जेसन. यात घोळ असा, की > हे चिन्ह जेक्यूचं नाही, शेलचं, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे. शेल आधी उजवीकडची फाइल उघडून रिकामी करतं आणि त्यानंतर जेक्यूला उठवतं. जेक्यू वाचायला जातं तोवर आत काही उरलेलं नसतं. रिकाम्या फाइलला जेक्यू चूकही मानत नाही. रिकामं आत, रिकामं बाहेर.

बरोबर पद्धत: निकाल तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या, आणि जेक्यू यशस्वी झालं तरच ती मूळ जागी हलवा. जेक्यू '...' सेटिंग्ज.जेसन > सेटिंग्ज.नवी && एमव्ही सेटिंग्ज.नवी सेटिंग्ज.जेसन. मधले ते दोन ‘अँड’ विसरू नका. तिथे अर्धविराम टाकलात तर जेक्यू फसलं तरी एमव्ही होणारच.

काहीजण मोअरयूटिल्समधलं स्पंज वापरतात. ते सगळं आधी शोषून घेतं आणि मग फाइलमध्ये पिळतं, नाव अगदी चपखल आहे. पण जेक्यूच्या कमांडमध्येच चूक असली तर स्पंजच्या हाती काहीच येत नाही, आणि ते ‘काहीच नाही’ इमानदारीत फाइलवर पिळलं जातं. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी स्पंज वापरू देत नाही.

ठीक आहे, तात्पुरती फाइल केली. आता सर्व्हिस म्हणते, फाइल वाचायची परवानगी नाही.

तात्पुरती फाइल ‘एमकेटेम्प’ने बनवली असणार. ती ६०० परवानगीची असते, म्हणजे फक्त मालकाला वाचता येते. एमव्ही केल्यावर ती परवानगी आणि तो मालक सोबत आला. सुडोने केलं असेल तर मालक रूट. हलवण्याआधी ‘सीएचमॉड’ आणि ‘सीएचओन’ला ‘--रेफरन्स’ देऊन मूळ फाइलसारखं करून घ्या.

आणखी एक गोम. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवा, टीएमपीमध्ये नको. एकाच फाइल सिस्टिमवर एमव्ही हे एका झटक्यात होणारं नामांतर असतं. वाचणाऱ्याला जुनी तरी दिसते नाहीतर नवी, अर्धवट कधीच नाही. फाइल सिस्टिम वेगळी असली की तेच एमव्ही कॉपी करून मूळ पुसायला लागतं आणि तो झटका हरवतो.

फाइल बदलली, पण डॉकर कंटेनरला जुनीच दिसते आहे.

कंटेनरला एकच फाइल माउंट करून दिली आहे ना? माउंट नावाला चिकटत नाही, आयनोडला (फाइलच्या डिस्कवरच्या अंतर्गत क्रमांकाला) चिकटतो. एमव्ही केल्यावर त्या नावाची नवी फाइल आली, तिचा आयनोड वेगळा. कंटेनर अजून जुन्याला धरून बसला आहे. सेड -आयनेही हेच होतं, कारण तेही आतून नवी फाइल बनवून जुनीच्या जागी ठेवतं. कंटेनर रीस्टार्ट करा. कायमचा उपाय म्हणजे फाइलऐवजी अख्खं फोल्डर माउंट करा.

याच कारणाने सिमलिंकवर (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावावर) सेड -आय चालवलं की सिमलिंक जाऊन तिथे साधी फाइल येते. जीएनयू सेडला ‘--फॉलो-सिमलिंक्स’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

जेक्यूने एरर दिली नाही, पण सेटिंगही बदललं नाही.

स्पेलिंग बघा. '.सर्वर.पोर्ट = ८०८०' असं चुकीच्या नावाने लिहिलंत तर जेक्यू तक्रार करत नाही. ‘सर्वर’ नावाचं नवं घर बांधतं, त्यात पोर्ट ठेवतं आणि शून्य एक्झिट कोड (म्हणजे ‘सगळं ठीक’) देऊन निघून जातं. तुमचा खरा ‘सर्व्हर’ शेजारी जसाच्या तसा. महत्त्वाच्या ठिकाणी आधी विचारून घ्या: 'इफ हॅज("सर्व्हर") देन ... एल्स एरर("सर्व्हर सापडला नाही") एंड'. आणि बदलानंतर तपासा: जेक्यू -ई '.सर्व्हर.पोर्ट == ८०८०'. हे खोटं निघालं तर -ईमुळे एक्झिट कोड १ मिळतो आणि स्क्रिप्ट तिथेच थांबवता येते.

वाचतानाही अशीच फसगत होते. नसलेली नोंद मागितली की ‘नल’ येतं आणि -आर लावलं असेल तर शेल व्हेरिएबलमध्ये ‘नल’ हा चार अक्षरी रोमन शब्दच जाऊन बसतो. मग स्क्रिप्ट ‘नल’ नावाचा होस्ट शोधत फिरते. त्यावर '// एम्प्टी' हा उतारा. मात्र // या चिन्हाला खोटं आणि नसलेलं सारखंच वाटतं. '.डीबग // ट्रू' असं लिहून ‘डीबग सांगितलं नसेल तर चालू समज’ असं म्हणायला जाल, तर ज्याने मुद्दाम डीबग फॉल्स ठेवलं आहे त्याचंही चालू होईल. या ओळीने आमची एक अख्खी दुपार खाल्ली आहे.

वायक्यूच्या इंटरनेटवर सापडलेल्या कमांड माझ्याकडे का चालत नाहीत?

वायक्यू म्हणजे यॅमलसाठीचं जेक्यू. कमांड चालत नाहीत, कारण वायक्यू दोन आहेत. नाव एकच, घराणी वेगळी.

पहिलं माइक फराहचं, गो भाषेत लिहिलेलं. मॅकवर ब्रूने हेच येतं. दुसरं आंद्रे किसल्युकचं, पायथनमधलं, जे यॅमलचं जेसन करून ते आतून जेक्यूलाच देतं. डेबियन १२ वर एपीटीने ‘वायक्यू’ मागितलं की हे मिळतं. म्हणजे तुमच्या मॅकवर चाललेली कमांड सर्व्हरवर मोडणार, आणि दोष कुणाचाच नाही. वायक्यू --व्हर्जन चालवा: गोवाल्याच्या उत्तरात माइक फराहच्या गिटहबचा पत्ता येतो.

त्यातही गोवाल्याची तिसरी आवृत्ती आणि चौथी आवृत्ती यांची वाक्यरचना वेगळी आहे. जुन्या उत्तरांमध्ये ‘वायक्यू डब्ल्यू’ असं दिसलं की समजा, ते तिसरीचं आहे. चौथीत ते काढून जेक्यूसारखी रचना आणली: वायक्यू -आय '.सर्व्हर.पोर्ट = ८०८०' सेटिंग्ज.यॅमल. हो, याला -आय आहे.

ऑफिसात आम्ही गोवालं ठरवलं आहे, आणि कारण एकच: कॉमेंट.

म्हणजे कॉमेंट जातात?

पायथनवाल्यात जातात. यॅमलचं जेसन केलं की कॉमेंटना जागाच उरत नाही, कारण जेसनमध्ये कॉमेंट नाहीतच. डग्लस क्रॉकफर्डने त्या मुद्दाम काढल्या. लोक कॉमेंटमध्ये पार्सरसाठी (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) सूचना लिहायला लागले होते, आणि त्याने फाइलींचा एकमेकांशी मेळ बिघडला असता.

गोवालं कॉमेंट जपतं, पण रिकाम्या ओळी आणि याद्यांचं इंडेंटेशन कधी कधी हलवतं. गिटमध्ये एका ओळीच्या बदलाला चाळीस ओळींचा फरक दिसतो. यावर आमचा तोडगा असा: आधी काहीही न बदलता फाइल वायक्यूमधून एकदा काढून तेवढंच वेगळं कमिट करायचं, मग खरा बदल दुसऱ्या कमिटमध्ये. जेक्यूचंही तसंच. ते सगळं दोन स्पेसने मांडतं, तुमची फाइल चार स्पेसची असेल तर ‘--इंडेंट ४’ द्या.

इंचभरही हलायला नको असेल तर पायथनमध्ये रुअमेल-यॅमल ही लायब्ररी घेऊन दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. ती मूळ मांडणी जपायचा बराच प्रयत्न करते.

यॅमलमध्ये संध्याकाळची वेळ १०८५ कशी झाली? सकाळची तर नीट आहे.

हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न आहे, कारण याचं उत्तर ऐकून माणूस यॅमलकडे कायमचा संशयाने बघायला लागतो.

एका मुलाने कामावर येण्या-जाण्याच्या बसचं वेळापत्रक यॅमलमध्ये लिहिलं. सकाळ: ०८:५२. संध्याकाळ: १८:०५. पायथनमध्ये वाचलं तर सकाळी ‘०८:५२’ ही अक्षरं आली आणि संध्याकाळी १०८५ हा आकडा. बिचारा तासभर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत होता.

यॅमल १.१ मध्ये साठच्या पटीतले आकडे लिहायची सोय होती. कोलनने जोडलेले अंक दिसले की ते साठने गुणून एकत्र करायचे: १८ गुणिले ६० अधिक ५ म्हणजे १०८५. पण पहिला अंक शून्य नसावा, असा नियमही त्यातच. म्हणून शून्याने सुरू होणारी सकाळ वाचली आणि संध्याकाळ अडकली. डॉकर कंपोजमध्ये २२:२२ असा पोर्ट अवतरणाशिवाय लिहिला की त्याचा १३४२ होऊ शकतो, तो याच वाटेने.

२००९ मध्ये आलेल्या यॅमल १.२ ने ही सोय काढून टाकली. पण पायथनची पायवायएएमएल ही लायब्ररी अजून १.१ चे नियम पाळते, म्हणून एकच फाइल दोन प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी वाचतात. आणखी नमुने:

मुंबईचा एसटीडी कोड ०२२. सुरुवातीला शून्य, म्हणून १.१ त्याला अष्टमान पद्धतीचा आकडा समजतं आणि १८ करतं. १.२ मध्ये त्याचा साधा २२ होतो. दोन्हीकडे फोन लागणार नाही. (जेसन इथे सरळ आहे: शून्याने सुरू होणारा आकडा तो आत घेतच नाही.)

नॉर्वेचा देशकोड एन-ओ. यॅमल १.१ ला तो ‘नाही’ वाटतो आणि फॉल्स होतो. हा घोळ इतका गाजला आहे की त्याला ‘नॉर्वे प्रॉब्लेम’ असंच म्हणतात. गिटहब ॲक्शन्सच्या फाइलमध्ये वरच ‘ऑन’ लिहिलेलं असतं, ते पायवायएएमएलने वाचलं की ‘ट्रू’ नावाची नोंद होते.

पायथनची आवृत्ती ३.१० लिहिली की दशांशातलं शेवटचं शून्य गळून ३.१ राहते.

सगळ्यांवर औषध एकच: अवतरण चिन्हं. जे मोजायचं नाही ते अवतरणात. वेळ, फोन, पिनकोड, आवृत्ती यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही, मग त्यांना आकडा कशाला ठेवायचं? गोवाल्या वायक्यूमध्ये व्हॅल्यू अवतरणासकट ठेवायची तर नंतर '.कोड स्टाइल = "डबल"' असंही सांगता येतं.

आणि टॅब. यॅमलमध्ये इंडेंटेशनला टॅब चालतच नाही.

जेक्यूमधून काढल्यावर मोठा आयडी शेवटच्या अंकात बदलला. माझा डोळ्यांचा भ्रम?

नाही. जेक्यूच्या १.६ पर्यंतच्या आवृत्त्या प्रत्येक आकडा डबल प्रकारात धरत असत, आणि त्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंतच पूर्णांक निर्धोक राहतात. ९००७१९९२५४७४०९९३ आत गेला की शेवटचा ३ जाऊन २ बाहेर येतो, तुम्ही त्या नोंदीला हात लावला नसला तरी. २०२३ मध्ये आलेली १.७ हात न लावलेला आकडा जसाच्या तसा ठेवते, पण त्यावर गणित केलंत तर पुन्हा तेच. उबुंटू २२.०४ वर अजून १.६ मिळते, २४.०४ वर १.७. लांबलचक आयडी मुळातच अवतरणात ठेवावा.

शेल व्हेरिएबलमधली व्हॅल्यू आत कशी घालू?

सिंगल कोट तोडून मध्ये व्हेरिएबल घुसवू नका. पासवर्डमध्ये अवतरण किंवा बॅकस्लॅश आला की कमांड फुटते. जेक्यूला ‘--आर्ग नाव व्हॅल्यू’ द्या आणि आत डॉलर लावून नाव वापरा. पण --आर्गने आलेलं सगळं अक्षरांच्या रूपात येतं: पोर्ट दिलात तर "८०८०" असा अवतरणात बसतो आणि काही प्रोग्रॅम त्यावर रुसतात. आकडा किंवा ट्रू-फॉल्स द्यायचं तर ‘--आर्गजेसन’.

पासवर्ड मात्र यांपैकी कशानेच देऊ नका. कमांडमध्ये लिहिलेलं पीएसमध्ये त्या मशिनवरच्या दुसऱ्या युजरला दिसू शकतं आणि हिस्ट्रीतही उरतं. एन्व्हायर्नमेंटमधून द्या. जेक्यूमध्ये 'डॉलर ईएनव्ही डॉट नाव', वायक्यूमध्ये 'स्ट्रएन्व्ह(नाव)'. वायक्यूचं नुसतं 'एन्व्ह' वापरलंत तर आलेली व्हॅल्यू यॅमल म्हणून वाचली जाते, म्हणून पासवर्डला स्ट्रवालंच.

टॉमलसाठी काय?

टॉम प्रेस्टन-वर्नरने २०१३ मध्ये काढलेला प्रकार, १.० आवृत्ती २०२१ ची. वाचायला सगळ्यात निवांत. जेक्यूच्या तोडीचं सर्वमान्य टूल मात्र इथे नाही. डासेल नावाचं टूल टॉमल बदलतं आणि जेसन, यॅमल, एक्सएमएलही ओळखतं. कॉमेंट जपायच्या असतील तर पायथनची टॉमलकिट ही लायब्ररी.

आयएनआय?

क्रुडिनी नावाचं टूल. क्रुडिनी --सेट फाइल विभाग नाव व्हॅल्यू. विभाग नसेल तर बनवतं. पुढचा प्रश्न.

एक्सएमएलमध्ये एक्सपाथ बरोबर आहे, तरी काहीच बदलत नाही.

नेमस्पेस. दहापैकी नऊ वेळा नेमस्पेसच.

एक्सएमएलस्टारलेट ईडी -एल -यू 'एक्सपाथ' -व्ही व्हॅल्यू, ही साधी कमांड; एक्सपाथ म्हणजे टॅगचा पत्ता. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलवर चालते. मेव्हनच्या पॉम.एक्सएमएलवर चालत नाही, कारण त्या फाइलच्या पहिल्याच टॅगमध्ये एक्सएमएलएनएस लिहिलेलं असतं. त्यामुळे आतला प्रत्येक टॅग त्या आडनावाचा होतो, आणि तुम्ही नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत असता. -एन देऊन त्या नेमस्पेसला एक अक्षर द्या, मग एक्सपाथमध्ये प्रत्येक टॅगआधी ते अक्षर आणि कोलन लावा. काही सापडलं नाही तरी टूल गप्प राहतं, म्हणून बदलानंतर ‘एसईएल’ने वाचून बघा.

उलट बाजूचा अपघातही होतो. टॉमकॅटमध्ये '//कनेक्टर/@पोर्ट' असं लिहिलं की फाइलमधले सगळे कनेक्टर एकाच पोर्टवर येतात. चौकोनी कंसात जुना पोर्ट लिहून नेमका तोच निवडा.

आणि वेब सर्व्हर इंजिनएक्स? दुरून लॉगिन घेणारं एसएसएचडी? त्यांच्या फाइली तर यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नाहीत.

बसत नाहीत. ऑजियस नावाचं टूल आहे, ते ‘लेन्स’ लावून अशा पुष्कळ फाइलींचं झाड करून दाखवतं. पण माझा सल्ला असा की मूळ फाइलला हातच लावू नका. इंजिनएक्सला कॉन्फ.डी, सिस्टिमडीला ‘सिस्टिमसीटीएल एडिट’, नव्या डेबियन-उबुंटूवर एसएसएचडीला एसएसएचडी_कॉन्फिग.डी. आपली छोटी फाइल त्यात टाका, नको झाली की काढून घ्या. पॅकेज अपडेट होताना ‘तुमची ठेवू की आमची?’ हा प्रश्नही पडत नाही.

रीस्टार्टआधी तपासणी: ‘इंजिनएक्स -टी’, ‘एसएसएचडी -टी’, सुडोअर्ससाठी ‘व्हीआयसुडो -सी’. एसएसएचडी बदलताना एक जुनं लॉगिन उघडं ठेवा. नवीन खिडकीतून आत जाता आलं, की मगच ते बंद करा.

आणि बॅकअप त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका! डेबियनवरचा इंजिनएक्स साइट्स-एनेबल्डमधली प्रत्येक फाइल वाचतो, एक्स्टेन्शन काहीही असो. ‘.बॅक’ नावाने ठेवलेली जुनी प्रतही.

फाइलमध्ये मराठी मजकूर आहे. खराब होईल का?

जेक्यू आणि वायक्यू दोन्ही यूटीएफ-८ जसंच्या तसं ठेवतात. ‘मुंबई’ हे पाच कोडपॉइंट, प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा बाइट. ते पंधराच राहतात. जेक्यूला -ए दिलंत किंवा पायथनच्या जेसन.डम्प्सला ‘एन्शुअर_अ‍ॅस्की’ फॉल्स करायला विसरलात, तर प्रत्येक अक्षराऐवजी बॅकस्लॅश-यू आणि चार अंक-अक्षरांची माळ दिसते. ते खराब झालेलं नाही. प्रोग्रॅमला तेच वाचता येतं, फक्त माणसाला वाचता येत नाही.

खरा धोका आकड्यांचा. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि पोर्ट देवनागरी अंकांत लिहिला गेला, तर जेसन सरळ एरर देतो, कारण त्याला इंग्रजी ० ते ९ एवढेच अंक माहीत. यॅमल मात्र हसतमुखाने तो शब्द म्हणून स्वीकारतं, आणि सर्व्हिस ‘पोर्ट चुकीचा’ म्हणते. स्क्रीनवर तर आकडा अगदी बरोबर दिसत असतो! या पानावरून आकडा कॉपी केलात तर हेच होईल.

मॅकवर सेड -आय वेगळं का वागतं?

मॅकचं सेड बीएसडी घराण्यातलं. त्याला -आयनंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन हवंच, नको असेल तर रिकामी अवतरणं द्या. जीएनयूला ती रिकामी अवतरणं चालत नाहीत. दोन्हीकडे चालेल असं हवं तर एक्स्टेन्शन -आयला चिकटवून द्या, मधे स्पेस न सोडता.

बदल बरोबर झाला की नाही, हे झटपट कसं बघू?

डिफ. पण नुसता डिफ मांडणीतले फरकही दाखवतो. दोन्ही फाइली जेक्यू -एसमधून काढा, म्हणजे नावं अकारविल्हे लागतात आणि इंडेंटेशन सारखं होतं, मग डिफ करा. एका ओळीचा बदल केला असेल तर एकाच ओळीचा फरक दिसायला हवा. सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरसाठी ‘ईटीसीकीपर’ बसवा, तो अख्खं फोल्डर गिटमध्ये ठेवतो. माझ्या त्या १,८०,८०० च्या रात्री एक डिफ बघितला असता तर दोन ओळी दिसल्या असत्या. गाडी चुकली असती, एवढंच.

लोकलमधून फोनवरून केलं तर चालेल?

अँड्रॉइडवर टर्मक्स आहे, त्यात जेक्यू मिळतं, एसएसएच होतं. त्यामुळे होतं, हे खरं. पण दादर-कुर्ल्याच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून अंगठ्याने सिंगल कोट शोधणं काही खरं नाही, आणि फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणाचं गोल अवतरण करून ठेवतो, जे शेलला कळत नाही. अगदीच अडलं तर आधी सर्व्हरवर टीमक्स सुरू करा, म्हणजे नेट गेलं तरी काम अर्ध्यावर मरत नाही. नाहीतर मला फोन करा आणि तुमच्या खुर्चीवरून टाइप करा, मी सांगते. फक्त ‘डॉट’ म्हटलं की ठिपका द्या, मागच्या आठवड्यात एकाने डी-ओ-टी लिहिलं होतं.